१०१ लावल्यावर काय सांगायचं, आणि बंब पोचेपर्यंत काय करायचं

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: घर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, आतल्या वाड्यात आहे, आग लागली तर १०१ लावायचा की म्हापशाच्या अग्निशमन केंद्राला थेट फोन करायचा, बंब येईपर्यंत काय करायचं, घरात आग विझवायचं कुठलं यंत्र ठेवायचं, आणि झाड पडलं किंवा साप निघाला तरी अग्निशमनवाल्यांनाच बोलवायचं का. उत्तरं सगळ्यांची देतो, पण क्रम माझा.

आधी फोन. १०१ किंवा ११२, दोन्ही चालतात. ११२ वर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्ही येतात. कोणी भाजलं असेल तर १०८ वेगळा लावायला दुसऱ्या माणसाला सांगा. जवळच्या केंद्राचा थेट नंबर फोनमध्ये असलेला बरा, पण तो दुसऱ्या पर्यायासाठी. त्या केंद्राचा बंब आधीच दुसरीकडे गेलेला असू शकतो, आणि मग पिळर्णसारख्या शेजारच्या केंद्रातून काय पाठवायचं ते शेवटी नियंत्रण कक्षच ठरवतो. थेट नंबर मोबाइलवरून लावताना पुढे ०८३२ लागतो. घाईत तो विसरला जातो, म्हणून कोडसकटच सेव्ह करा. पत्रादेवी, नयबाग किंवा पोळे या सीमेवरच्या भागात मोबाइल शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि कॉल तिकडे जाऊ शकतो. तिथे राहणाऱ्यांनी पहिलं वाक्य ‘गोवा, तालुका पेडणे’ किंवा ‘गोवा, तालुका काणकोण’ असंच बोलावं.

गडबड सगळ्यात जास्त होते ती पत्त्यात. ‘देऊळवाड्यावर आग लागलीय, लवकर या’ म्हटलं की सांगणाऱ्याला वाटतं सांगून झालं. गोव्यात देऊळवाडे, मधले वाडे आणि भाटले किती आहेत ते मोजून बघा. क्रम असा ठेवा: तालुका, गाव, वाडा, मग मुख्य रस्त्यावरची ठळक खूण. खूण म्हणजे देऊळ, चॅपेल, खुरीस (रस्त्याकडेचा क्रूस), शाळा, पंचायत घर, तिठ्यावरचा बार. त्यानंतर काय जळतंय (घर, दुकान, गवत, गाडी, ट्रान्सफॉर्मर), आत कोणी अडकलंय का, सिलिंडर किंवा पेट्रोल-डिझेल आहे का, आणि गल्लीत मोठी गाडी येते का. फोन आपण आधी ठेवायचा नाही. बऱ्याचदा केंद्रातून खातरजमेसाठी उलट फोन येतो, तो उचलायचा. ज्या नंबरवरून कॉल केला तोच फोन घेऊन माणूस आग विझवायला धावतो आणि तिकडे रिंग वाजत राहते, हे फार होतं.

घरातला एक माणूस, पोरगा असला तरी चालेल, टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावरच्या वळणावर उभा करा. गूगलवर लोकेशन पाठवलं तरी हे करा. मॅप पायवाटेलाही रस्ता समजतो.

रस्त्याचं म्हणाल तर बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर, आणि वळायला त्याहून जास्त जागा लागते. चवथीचा मांडव, जत्रेची कमान किंवा दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा उभा करताना ४ मीटर रुंदी आणि ५ मीटर उंची मोकळी सोडली तर अडचण येत नाही. लोंबकळणाऱ्या केबलच्या वायरी आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या हा रोजचा अडथळा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जण गेले. तिथेही अरुंद वाटेमुळे बंब आगीपर्यंत नेता आला नव्हता. पार्किंगचा विषय निघाला की वाड्यावर वाद होतात हे मान्य, तरी तो वाद आधीच घालून मोकळं व्हावं.

पाणी. नेहमीच्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. मोठ्या होजने मिनिटाला ४५० लिटर मारलं तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. ‘पाणी न घेताच आले’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते: पाणी होतं, संपलं. म्हणून जवळची विहीर, तळी किंवा ओहोळ कुठे आहे ते आल्या आल्या दाखवा. त्यातही एक मेख आहे. वर ठेवलेला पंप साधारण ७ मीटरपेक्षा खोलवरचं पाणी ओढू शकत नाही. एप्रिल-मे मध्ये तुमच्या विहिरीचं पाणी १० मीटरवर गेलं असेल, तर ती असून नसल्यासारखी. त्यापेक्षा देवळाची तळी सांगा. वीज बंद झाल्याशिवाय जवान पाणी मारायला बिचकतात, आणि बरोबरच आहे. मेन स्विचपर्यंत धोका न पत्करता पोचता येत असेल तरच तो पाडा, आणि वीज खात्याच्या १९१२ वर कळवा.

जुन्या कौलारू घरांची गोष्ट वेगळी. खोल्यांमधल्या भिंती बऱ्याचदा छपरापर्यंत जात नाहीत, वर सगळे वासे एकाच पोकळीत असतात. स्वयंपाकघरातली आग वरून फिरून दुसऱ्या टोकाच्या खोलीत उतरते आणि खाली उभ्या माणसाला पत्ताच नसतो. माडीवर कोणी झोपलं असेल तर त्याला आधी खाली आणा. जवान आल्यावर आढ्याजवळची कौलं काढतात ती धूर आणि उष्णता बाहेर जावी म्हणून. ‘घर मोडतात’ म्हणून अडवू नका. धुरातून जायचं झालं तर वाकून, जमिनीलगत.

गॅस गळत असेल, पण पेटलेला नसेल, तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडा. दिवा, पंखा चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्हीत पडते. फोन बाहेर येऊन १९०६ ला. नळीला आग लागली असेल तर ओलं जाड कापड हाताला गुंडाळून रेग्युलेटर फिरवायचा. गॅस तुटला की ज्वाळा आपोआप विझते. तिथपर्यंत हात पोचतच नसेल तर बाहेर पडा. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा होज असावी आणि ५ वर्षांनी बदलावी. रंग चांगला दिसतो म्हणून दहा वर्षं चालवणारी घरं कमी नाहीत.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर बर्नर बंद आणि वर घट्ट झाकण, गार होईपर्यंत काढायचं नाही. पाणी अजिबात नको: त्याची क्षणात वाफ होते, सुमारे १,७०० पट फुगते आणि जळतं तेल छतापर्यंत उडवते.

यंत्र घ्यायचं तर घराला ४ किलोचं एबीसी पावडरचं (लाकूड-कापड, तेल आणि गॅस, तिन्हींच्या आगीला चालणारं) पुरे, आयएसआय मार्क बघून. ठेवायचं शेगडीच्या शेजारी नाही, बाहेर पडायच्या दाराजवळ. पिन ओढा, नळी जाळाच्या बुडाशी धरा, साधारण २ मीटरवरून दाबा आणि आडवं फिरवा. चालतं जेमतेम १०-१५ सेकंद, म्हणून वर ज्वाळांवर मारून वाया घालवू नका. महिन्यातून एकदा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा आणि यंत्र उलटं करून हलवा, नाहीतर पावडर तळाला बसून घट्ट होते. समुद्राजवळच्या घरात बुडाला गंज चढतो. भिंतीवर टांगलं तर दिसतो, जमिनीवर ठेवलं तर दिसत नाही. आणि आग तुमच्या उंचीएवढी झाली असेल तर यंत्राला हात न लावता बाहेर या.

बाकीचं पटकन. झाड घरावर, गाडीवर किंवा रस्त्यात पडलं, विहिरीत माणूस किंवा जनावर पडलं, तर १०१. उभं धोकादायक झाड तोडायला मात्र जवान येत नाहीत; गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, अर्ज वन खात्याकडे. सापासाठीही वन खातं. काजूच्या बागायतीत गवताची आग लागली तर लहान असतानाच कळवा, आणि जानेवारीअखेर कडेने २-३ मीटरचा पट्टा साफ करून ठेवा.

आग विझवायचे किंवा जीव वाचवायचे पैसे घेत नाहीत. विम्यासाठी आगीचा अहवाल लागतो, तो त्या केंद्राच्या कार्यालयात लेखी अर्ज करून मागायचा: तारीख, वेळ, पत्ता, मालकीचा कागद, पॉलिसीची प्रत. मलबा हलवण्याआधी स्वतः फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर येण्यापूर्वी साफसफाई उरकली तर दावा अडकतो. अशा कामासाठी १०१ लावू नका, कार्यालयाचा नंबर कामाच्या वेळेत लावा.