तीन शोरूमचं सीआरएम ऑफिसच्या सर्व्हरवरून क्लाउडवर न्यावं का? सणाचा लोड झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की गाड्यांची तीन शोरूम आणि एक वर्कशॉप आहे, सीआरएम (गिऱ्हाइकं, इन्क्वायरी आणि फॉलोअपची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) हेड ऑफिसमधल्या एकाच सर्व्हरवर चालतं, दसरा-धनत्रयोदशीला हँग होतं, आणि आता व्हेंडर म्हणतोय क्लाउडवर टाका, ऑटो स्केलिंग (लोड वाढला की सर्व्हर आपोआप वाढणं) लावा, काम झालं. मी एका डीलर ग्रुपचं आयटी बघतो म्हणून सांगतो, क्लाउडवर नक्की न्या. पण नुसतं ऑटो स्केलिंग लावून काम होत नाही आणि हे व्हेंडरला माहीत असूनही तो बोलत नसेल तर त्याला आधी समोर बसवा.

आपल्या धंद्यात एक बरं आहे, गर्दी कधी होणार ते पंचांगात लिहिलेलं असतं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी आणि वर दर महिनाअखेर. पितृपक्षात शोरूम ओस. म्हणून 'सीपीयू ७० टक्क्यांवर गेला की सर्व्हर वाढव' एवढ्या एकाच नियमावर राहू नका, कारण नवीन सर्व्हर उभा राहून कामाला लागेपर्यंत काही मिनिटं जातात आणि सकाळची मीटिंग संपली की सगळे सेल्सवाले आणि टेलिकॉलर एकदमच लॉगिन करतात. तारखा आधीच टाकून शेड्यूल्ड स्केलिंग लावा, मुहूर्ताच्या दिवशी सकाळी आठलाच सर्व्हर वाढलेले पाहिजेत आणि रात्री दहानंतर एकावर आले तरी चालतंय, बिलही आटोक्यात राहतं.

आता खरी गोम. २०२५ चा सप्टेंबर आठवा. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला, छोट्या गाड्यांवरचा टॅक्स २८ वरून १८ टक्के, पण लागू २२ सप्टेंबरपासून, त्यात मधे पितृपक्ष आणि २२ लाच घटस्थापना. साहजिकच प्रत्येक गिऱ्हाईक म्हणालं २२ नंतर बघू, आणि पोरांनी प्रत्येक इन्क्वायरीला पुढच्या फॉलोअपची तारीख टाकली २२ सप्टेंबर. त्या सकाळी ओळखीतल्या एका डीलरकडे मी होतो. टेलिकॉलर मुलींच्या स्क्रीनवर 'आजचे फॉलोअप' नुसतं गोल गोल फिरतंय, त्या परत परत रिफ्रेश मारतायत, बाहेर फोन वाजतायत, आणि क्लाउडच्या पॅनलवर मात्र सर्व्हर दोनाचे सहा झालेले दिसतायत! झालं असं होतं की प्रत्येक सर्व्हर डेटाबेसकडे स्वतःची वीस-वीस कनेक्शन उघडून बसायचा. सहा सर्व्हर म्हणजे १२०, आणि त्यांचा डेटाबेस होता पोस्टग्रेएसक्यूएल, त्याची कनेक्शनची मूळ सेटिंग आहे १०० ची, ती कुणी बदललेलीच नव्हती. म्हणजे सर्व्हर वाढले तसा त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मधे पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन पूलर (थोडी कनेक्शन सगळ्या सर्व्हरना वाटून देणारा) बसवला, फॉलोअपची तारीख आणि एक्झिक्युटिव्ह या दोन कॉलमवर मिळून इंडेक्स केला म्हणजे शोध पटकन लागतो, जीएम साहेबांचे रिपोर्ट रीड रेप्लिकावर (फक्त वाचण्यासाठी ठेवलेली डेटाबेसची प्रत) हलवले, मग कुठे ते सुरळीत झालं.

म्हणून व्हेंडरला पहिला प्रश्न हाच विचारा की वेब सर्व्हर वाढतील हो, डेटाबेसचं काय? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा व्हेंडर बघा.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे लीड हरवता कामा नये. फेसबुकच्या फॉर्मवरून, कार पोर्टलवरून, वेबसाइटवरून येणारी इन्क्वायरी थेट सीआरएममध्ये घुसवू नका, आधी एका क्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या रांगेत, पडू दे आणि तिथून सीआरएमने आपल्या वेगाने उचलू दे. एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनचा क्लाउड) एसक्यूएस ही क्यूची सेवा घेतली तर मेसेज मुळात ४ दिवस राहतो, सेटिंग करून १४ दिवसांपर्यंत ठेवता येतो, म्हणजे सीआरएम तासभर झोपलं तरी इन्क्वायरी तिथेच असते. त्या एका इन्क्वायरीसाठी आपण जाहिरातीला पैसे मोजलेत आणि समोरच्या माणसाने दोन ठिकाणी तरी फॉर्म भरलेला असतो, ज्याचा फोन आधी जातो त्याच्याकडे तो टेस्ट ड्राईव्हला जातो.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचं डीएमएस (डीलरचं बिलिंग वगैरे चालवणारं सॉफ्टवेअर) हा वेगळा विषय, ते तुमच्या हातात नाही आणि ते हलवायचंही नाही, बिलिंग आणि जॉब कार्ड तिकडेच राहणार. फक्त एकच इन्क्वायरी दोन्हीकडे टाईप करायला लावू नका, पोरं कंटाळून एकीकडे काहीतरी भरून टाकतात, मग ते सीआरएम कितीही फास्ट असलं तरी आतला डेटा काही कामाचा राहत नाही.

डेटा देशातच राहील का ही काळजी असेल तर एडब्ल्यूएसचं रीजन (डेटा सेंटरचा समूह) मुंबईत २०१६ पासून आहे आणि मायक्रोसॉफ्टचं पुण्यात, तेव्हा तो प्रश्न नाही. प्रश्न आहे तो आधार-पॅनच्या फोटोंचा, जे आज एक्झिक्युटिव्हच्या व्हॉट्सॲपमध्ये पडलेले असतात आणि पोरगं नोकरी सोडून समोरच्या शोरूममध्ये गेलं की त्याच्यासोबत जातात. ते क्लाउड स्टोरेजमध्ये, थोड्या वेळात एक्स्पायर होणाऱ्या लिंकवरच उघडतील असे ठेवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण दंड सोडा हो, लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते.

आणि क्लाउड म्हणजे बंदच पडणार नाही असं धरून चालू नका. जून २०२४ मध्ये अमेरिकेत सीडीके ग्लोबल या डीलरना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला, जवळपास १५,००० डीलरशिप त्यांच्या सॉफ्टवेअरवर, पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे गेले आणि तोवर लोक कागद-पेनावर गाड्या विकत होते. तेव्हा मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी उद्याच्या डिलिव्हरीची यादी, गिऱ्हाइकाचं नाव, मोबाईल, चेसिस नंबर, बाकी रक्कम, प्रत्येक शोरूममध्ये छापून ठेवा. बॅकअप दुसऱ्या रीजनमध्ये आणि वेगळ्या अकाउंटमध्ये असू दे, दर महिन्याला पूर्ण डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) मिळेल हे करारात लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी व्हेंडरला तुमच्यासमोर बसून एकदा तो बॅकअप रिस्टोअर करून दाखवायला लावा.