मूठ पूर्ण मागे

प्रिय पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कॅनडातल्या युकॉनच्या भूशास्त्र कँपला निघायला दोन महिने उरलेत आणि तुझी दीड पानं अस्वलांपासून बचावासाठी घ्यायच्या शॉटगनची नळी साडेबारा इंची घ्यावी की चौदा इंची, टॉर्च कुठला लावावा, खांद्याला टेकवायच्या दस्त्याला काडतुसांचा पट्टा बांधावा का, यावर खर्ची पडलीत. सराव कुठे आणि किती करणार, यावर एक ओळ नाही. राग आला तो याचाच.

स्वस्त चिनी पंप, म्हणजे मूठ मागेपुढे ओढून भरायची शॉटगन, घेतेयस म्हणून ओशाळू नकोस. १९५० साली आलेल्या रेमिंग्टन ८७० या अमेरिकी बंदुकीची ती सरळसरळ नक्कल आहे, आणि नक्कल चांगली उतरली आहे. मी स्वतः स्वस्तच वापरतो. हसणाऱ्यांना हसू दे. वाचलेले पैसे काडतुसांत घाल, टॉर्चमध्ये नको.

नळीचं विचारलंस तर चौदा. साडेबारा इंचीत पुढची मूठ, म्हणजे नळीखालची मागेपुढे सरकणारी, नळीच्या तोंडाच्या फार जवळ येते. ओल्या हातमोज्यातला हात पुढे सटकला तर बोटं थेट तोंडासमोर. कायद्याचं थोडक्यात सांगतो. कारखान्यातूनच आखूड नळीची आलेली पंप कॅनडात साध्या वर्गात मोडते, एकूण लांबी ६६० मिलिमीटरच्या खाली नसली की झालं. पण लांब नळी घरी करवतीने कापून ४५७ मिलिमीटरच्या खाली आणलीस तर ती थेट निषिद्ध हत्यार ठरते. घडीचा दस्ता नको. मिटल्यावर ६६०च्या खाली गेली की वर्ग बदलतो. घेण्याआधी आरसीएमपीच्या, म्हणजे कॅनडाच्या पोलिसांच्या, फायरआर्म्स रेफरन्स टेबलात नेमकं मॉडेल शोध, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि व्हाइटहॉर्सहून सुट्टीच्या दिवशी स्कॅगवे बघायला जाशील तेव्हा बंदूक कँपवरच ठेव. तिथे अलास्का, म्हणजे अमेरिका. त्यांच्याकडे शॉटगनची नळी १८ इंचांच्या खाली असली की वेगळाच कायदा लागतो.

आता मुद्द्याचं. मूठ पूर्ण मागे.

पंप बंदूक आपोआप काही करत नाही, सगळं तुझा डावा हात करतो. बार झाला की मूठ मागे ओढतेस, रिकामं काडतूस नळीतून निघतं, शेवटाकडे धक्का लागून बाहेर उडतं. पुढचं काडतूस मात्र मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, खालच्या नळीत अडकवलेलं असतं. त्याची खिटी सुटते ती मूठ अगदी मागे पोचली तरच. दोन बोटं अलीकडून परत फिरलीस तर रिकामं उडालेलं दिसेल, मूठ छान पुढे जाईल, सगळं ठीक वाटेल. मग चाप ओढशील आणि नुसतं ‘टक्’. नळी रिकामी. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, कारण कोपर अंगाशी आवळलेलं असतं, पाठीवरच्या सॅकचा पट्टा आड येतो आणि हात मूठ हळूच हाताळायला जातो. हळूच नाही! मागे आदळेपर्यंत, मग तितक्याच जोराने पुढे. स्वस्त बंदूक जोराने मोडत नाही, संकोचाने अडते.

डमी, म्हणजे बिनदारूची, काडतुसं पाच घे. रोज संध्याकाळी पन्नास वेळा, खांद्याला लावून, सॅक आणि रेनकोट घालून. दोन गोष्टी हातांना आंधळेपणी कळायला हव्यात: सेफ्टीचं बटण आणि चापाच्या कड्याजवळची मूठ सोडवायची खिटी. घोडा चढलेला असला की मूठ जागची हलत नाही, खिटी दाबावी लागते. नवशिके इथेच ‘बंदूक जाम झाली’ म्हणून ओरडतात.

मग रेंजवर छर्‍याची स्वस्त काडतुसं शंभर, आणि एक-गोळीची, म्हणजे स्लगची, निदान पंचवीस. पंचवीस, पंधरा आणि सात मीटरवर जेवणाची कागदी थाळी लाव. नळीच्या टोकावरच्या माशीवर नेम धरताना गाल दस्त्यावरून उचलला की गोळी वर जाते. आखूड नळीत हे जास्तच. शंभर बारांत रिकामं काडतूस अडकायला लागलं तर चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, खरबरीत आहे, स्वस्त मालाचं हे जुनं दुखणं. लाकडी दांडीवर अगदी बारीक स्टील वूल गुंडाळून तेल लावून फक्त चेंबर घासायचा, नळी नाही.

अस्वलासाठी डबल-ऑट, म्हणजे मोठ्या आकाराचे, छर्रे नकोत. एका काडतुसात नऊ छर्रे, एकेक साधारण साडेतीन ग्रॅमचा, मऊ आणि गोल. जाड हाड-मांसात खोल जात नाहीत. ‘आधी छर्रा, मग स्लग’ असं आलटून पालटून भरण्याचा तुझा बेत विसर. ब्रेनेकेसारखी कडक शिशाची स्लग, सगळी एकाच जातीची. अस्वलाला आवाजाने पळवायची फटाक्याची काडतुसं त्याच मॅगझिनमध्ये कधीच नाहीत. त्यांचा तुकडा नळीत अडकला आणि मागून स्लग आली तर नळी फुटते. शिवाय फटाका अस्वलाच्या पलीकडे फुटला तर ते तुझ्याच दिशेला पळत येतं.

अस्वलाला पळवायचा मिरचीचा स्प्रे कमरेच्या पट्ट्यावर, बंदूक नंतर. हे तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, तरी लिहितो. अलास्कातल्या घटनांवर टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वल-अभ्यासकांनी केलेला २००८चा अभ्यास वाच, स्प्रे वापरणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नव्हती. ग्रिझली, म्हणजे तिथलं मोठं तपकिरी अस्वल, ताशी पन्नास किलोमीटरने येते, म्हणजे तीस मीटर दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांत हाताला जे सवयीचं आहे तेच घडतं, म्हणून पुन्हा: मूठ पूर्ण मागे. स्प्रे हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये नेऊ नकोस, पायलटला आधी सांग.

कँपवर मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं. गाडीत बसताना पूर्ण रिकामी. मॅगझिनमध्ये बोट घालून खात्री कर, नुसतं डोळ्यांनी बघून नाही. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा एकच थर लाव, चिखल आत जात नाही आणि बार त्यातून सुखाने जातो. रात्री तेलाचं फडकं. या बंदुकांचं लोखंड पावसात एका रात्रीत तांबूस होतं. मॅगझिनच्या टोकाची टोपी रोज हाताने आवळ, तिच्यावरच नळी धरलेली असते.

एक राहिलं, आणि हे टॉर्चपेक्षा महत्त्वाचं. दस्ता १४ इंची असतो, उंच पुरुषांच्या मापाचा. तुझ्या हाताला तो लांब पडला की मूठ पूर्ण मागे येणारच नाही, कितीही सराव कर. कोपर काटकोनात वाकवून आतल्या खळगीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत माप घे आणि मला कळव. रेनकोट घालून मोज.