हेर्त्सोगेनआउराखला राहायचं की एर्लांगनला?

तळेगावहून जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला, शेफ्लर या बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्यालयात बदली होतेय, बायको आणि लहान मुलगी बरोबर येणार, तर गाव कसं आहे आणि घर तिथेच घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगतो: गावातच राहा. फक्त नकाशा नीट बघून घर ठरवा.

न्युर्नबर्गच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, आउराख नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात हे गाव वसलंय. वस्ती चोवीस-पंचवीस हजार. सगळे नुसतं 'हेर्त्सो' म्हणतात. पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर एर्लांगन. इथली प्रवासी रेल्वे 1984 मध्ये बंद पडली. न्युर्नबर्गहून एर्लांगनमार्गे ट्राम आणायची योजना आहे, पण तिच्या भरवशावर घर घेऊ नका. एर्लांगन स्टेशनला बसनेच जावं लागतं, त्यामुळे वहिनी तिकडे नोकरी बघणार असतील तर बसथांबा जवळ हवाच.

जुनं गाव खाली नदीकाठी आहे. दोन जुने बुरूज आणि त्यांच्यामधल्या रस्त्यावर लाकडी चौकटींची उतरत्या छपरांची घरं. लहान मुलीला घेऊन रमतगमत हिंडावं असा हा भाग. उत्तरेला चढावर 'हेर्त्सो बेस' नावाचा भाग. तिथे आधी जर्मन हवाई दलाचा तळ होता, महायुद्धानंतर 1992 पर्यंत अमेरिकन सैन्य होतं. आता आदिदासचं मुख्यालय आणि नवी वसाहत आहे. घरं नवी मिळतील, पण बाजारहाटाला खाली उतरायचं आणि पिशव्या घेऊन चढायचं, हे ध्यानात ठेवा.

गावाचा पहिला लेखी उल्लेख 1002 सालचा. पुढे शतकानुशतकं सत्ता बांबर्गच्या बिशपची होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाव बव्हेरिया या राज्यात आलं. बिशपच्या सत्तेमुळे हे कॅथलिक, तर शेजारचं एर्लांगन प्रोटेस्टंट. त्याचा परिणाम तुमच्या कॅलेंडरवरही दिसेल: 15 ऑगस्टला मेरीच्या सणाची इथे सुट्टी, एर्लांगनला मात्र कामाचा दिवस! आणि इथल्या लोकांना बव्हेरियन म्हणू नका, ते स्वतःला फ्रँकन, म्हणजे बव्हेरियाच्याच उत्तरेकडच्या फ्रँकोनिया भागातले, समजतात.

विणकरांचं हे गाव पुढे चपला-बूट शिवणाऱ्यांचं झालं. त्यातूनच डासलर बंधूंचा कारखाना उभा राहिला. 1936 च्या ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सच्या पायात त्यांचेच बूट होते. पुढे भाऊ वेगळे झाले. रुडोल्फनं 1948 मध्ये प्यूमा काढली, आडोल्फनं 1949 मध्ये आदिदास. कामगारांची घरं, दुकानं, फुटबॉल क्लब, सगळ्याची वाटणी झाली. समोरच्याच्या पायातले बूट बघून मग बोलायचं, अशी गावाची ख्याती होती. दोघा भावांच्या कबरीसुद्धा एकाच दफनभूमीत, पण दोन टोकांना आहेत.

शेफ्लर 1946 पासून इथे आहे. या तीन कंपन्यांमुळे परदेशी माणूस इथे कुणाला नवा नाही. ऑफिसात इंग्रजीवर भागेल, पण नगरपालिकेत आणि बालवाडीत जर्मनच लागेल, तेव्हा दोघांनीही जर्मनची ए-टू पातळी (रोजच्या साध्या बोलण्यापुरती) तिथूनच करून या. बालवाडीत मुलीचं नाव घराआधी नोंदवा. घरं बघायला लागलात की रस्त्याचं नाव कळवा. चढ किती आणि बस कुठे, ते सांगेन.