पाहुणे व्याख्याते शिकवणार असतील तर संगणकशास्त्राच्या प्रगत विषयाची आखणी कशी करावी?

सूत्रं विभागातल्याच एका प्राध्यापकाच्या हाती ठेवा. नाहीतर प्रत्येक पाहुणा पहिला अर्धा तास तीच प्रस्तावना करतो आणि विद्यार्थ्यांच्या पदरात सुटी सुटी भाषणं पडतात.

वक्ते शोधण्याआधी विषयाचा क्रम लावा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच घ्या, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून एकच काम करण्याचा विषय. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टची १९७८ ची लॉजिकल क्लॉकची (खऱ्या घड्याळाऐवजी मोजणीने घटनांचा क्रम लावायची) कल्पना आधी, मग पॅक्सॉस आणि २०१४ चं राफ्ट (संगणकांमध्ये एकमत घडवायच्या पद्धती), आणि त्यानंतर डेटाबेस रेप्लिकेशनवर (एकाच माहितीच्या अनेक प्रती राखण्यावर) बोलायला उद्योगातला माणूस. घड्याळांवर विसंबता येत नाही हे ज्याला उमगलेलं नाही, त्याला राफ्टमध्ये प्रमुख संगणकाच्या दर निवडणुकीला ‘टर्म’ हा क्रमांक का वाढतो हे सांगून उपयोग नाही. पायाचे तास घरच्या माणसाने घ्यावेत, पाहुण्याला वरचा मजला द्यावा.

पाहुण्याला नुसतं विषयाचं नाव कळवू नका. विद्यार्थ्यांना काय येतं, मागच्या तासाला काय झालं, पुढचा वक्ता काय घेणार आहे, हे लिहून पाठवा. वाचायचा पेपर आठवडाभर आधी मागून घ्या. असाइनमेंटचा प्रश्न त्यांचा, तपासणी मात्र तुमची. व्यग्र माणसाकडे गेलेल्या वह्या वेळेत परत येत नाहीत.

ऐनवेळी कोणीतरी रद्द करणारच, म्हणून एक-दोन तास मोकळे ठेवा. लांबून येणाऱ्याला सलग दोन दिवस सोयीचे पडतात, पण क्रिप्टोग्राफीसारख्या सिद्धतांनी भरलेल्या विषयात तसं करू नका. तिथे मधले दिवस गणितं सोडवायला लागतात.