कॅरिबियनमधल्या अरुबा बेटावरची पहिली कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) ट्रिप आहे ना, मग हे वाचाच

अ‍ॅडल्ट्स ओन्ली बोट घेताय ते छानच, लहान मुलांची धावपळ नसते, निवांत समुद्र बघता येतो. पण ओपन बार आहे म्हणून चढल्या चढल्या ग्लास हातात घेऊ नका हो, आधी स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं), मग काय प्यायचं ते प्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. दारू पिऊन पाण्यात उतरणं फार धोक्याचं.

मास्क बोटीवरच तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा, चिकटून राहिला तर बरोबर बसतोय, आणि मिशी असेल तर तिथून पाणी शिरतं थोडं, त्याची सवय होते. पोहता येत असलं तरी तरंगत ठेवणारं व्हेस्ट घालाच.

अँटिला हे बुडालेलं जहाज बघताना घाई करू नका! १९४० च्या मे मध्ये जर्मन कॅप्टनने स्वतःच बुडवलेलं जहाज, सुमारे १२० मीटर लांब, आपण वर तरंगत राहूनच दिसतं, खाली माशांचे थवे, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा श्वास घ्यायचंच विसरलो होतो. कोरलला (प्रवाळाला) हात लावू नका, त्यावर उभं तर अजिबात राहू नका.

सनस्क्रीन ऑक्सिबेन्झोन हे रसायन नसलेलंच न्या, तिथे त्यावर बंदी आहे. पाठ फार भाजते, त्यापेक्षा फुल बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) बरा. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर उपयोग नसतो.