युद्धबंदी की युद्धकैदी?

कोरेगाव तालुक्यातल्या एका वाचकाने पाटीचा मजकूर पाठवून 'हे बरोबर आहे का' असं विचारलं आहे. त्यांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा पलटणीत होते. मिसरूड फुटतंय न फुटतंय असं वय. आजच्या इराकमधल्या कूतला तुर्कांच्या हाती लागले, ते परत आलेच नाहीत. देवळापाशी लावायच्या पाटीवर लिहिलंय, 'सन १९१६ मध्ये युद्धबंदी असताना वीरगती.' पेंटरने ब्रश खाली ठेवून विचारलं म्हणे, "युद्धबंदी होती, तर मेले कसे?"

पेंटरचा कान मराठी आहे. दारूबंदी, शिकारबंदी, जिल्हाबंदी, नोटबंदी: शब्दाच्या शेवटी 'बंदी' आली की आपल्याला काहीतरी थांबलेलं ऐकू येतं. म्हणून मराठीत युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं, आणि आपली वर्तमानपत्रंही तो शब्द त्याच अर्थाने छापतात. हिंदीत उलट. तिथे युद्धबंदी म्हणजे कैदी आणि लढाई थांबली की युद्धविराम. कैदी या अर्थाचा 'बंदी' आपल्याकडेही आहे, पण तो बहुधा पुढे उभा असतो, बंदिवान, बंदिशाळा असा. 'राजबंदी' तेवढा अपवाद. तो स्वातंत्र्यलढ्यात इतका रुळला की कुणी अडखळत नाही. तुम्ही सरळ 'युद्धकैदी' लिहा.

'वीरगती'बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला तोच शब्द जास्त खटकतो. वीरगती, वीरमरण, धारातीर्थी पडणे हे सगळे रणात, शस्त्राच्या घावाने आलेल्या मरणाचे शब्द. शस्त्राची धार हेच तीर्थ, ते धारातीर्थ. कूतची गोष्ट वेगळी होती. इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा १४७ दिवसांचा वेढा, आत अन्न संपलेलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. पुढे कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं, कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. उपासमार, हगवण, ऊन यांनी माणसं वाटेत आणि छावण्यांत गेली. या मरणाला तलवारीची धार चिकटवली की त्या पोराने जे खरोखर सोसलं तेच पुसलं जातं. (साताऱ्याकडच्या गावांत इंग्रजांनी बसवलेल्या शिळा आहेत: इतके लढाईला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. पडलेला आणि कैदेत खंगलेला एकाच आकड्यात!)

कैद होण्यात कमीपणा वाटून आपण असे शब्द शोधतो की काय, कोण जाणे. जुन्या मराठीला तो संकोच नव्हता. बखरींत 'पाडाव झाला' असा साधा शब्द येतो, अर्थ शत्रूच्या हाती जिवंत सापडला. तुमच्याच तालुक्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचा जनकोजी १७६१ ला पानिपतावर जखमी होऊन असाच पाडाव झाला आणि कैदेतच मारला गेला. विशीही गाठली नव्हती. आज 'पाडाव' निवडणुकीच्या बातम्यांत पराभवाच्या अर्थाने फिरतो, त्यामुळे पाटीवर तो वापरता येणार नाही. चांगला शब्द वाया गेला.

'शहीद' नको. मुळात अरबी, साक्षीदाराच्या धातूतला; आणि आपलं संरक्षण खातंही ती अधिकृत संज्ञा मानत नाही. 'हुतात्मा' म्हटलं की मराठी माणसाला आधी स्वातंत्र्यलढा नाहीतर संयुक्त महाराष्ट्र आठवतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही आजीचं वाक्य दिलंय, "त्यो पडला न्हाई, धरून नेला." तुमच्या सगळ्या मजकुरात अचूक तेवढंच आहे. त्याच्याच जवळ राहून असं लिहिता येईल: 'कूतच्या वेढ्यात लढले. २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांचे युद्धकैदी झाले. कैदेतच वारले.'

ओळी वाढतील. पेंटर अक्षरावर पैसे घेत असेल, तर 'रोजी' गाळा.