ब्लॅक होल आपल्याला गिळेल का?

प्रश्न: रमण विज्ञान केंद्रातला तारांगणाचा शो पाहून आल्यापासून पोरगं विचारून राहिलं, आकाशगंगेच्या मधातला ब्लॅक होल आपल्यालेही ओढून घेईन का? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर: नाही भाऊ, झोपू द्या त्याला निवांत. आकाशगंगेच्या मधातला हा ब्लॅक होल, सॅजिटेरियस ए-स्टार, सूर्याच्या 40 लाख पट वजनाचा आहे खरा, पण सुमारे 26 हजार प्रकाशवर्षं लांब, आणि तसंही सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वजनाचा ब्लॅक होल ठेवला तरी पृथ्वी त्याच कक्षेत फिरत राहील, फक्त अंधार आणि थंडी, म्हणजे मे महिन्यात नागपूरकर तक्रार करणार नाहीत म्हणा! एस-2 नावाचा तारा तर सॅजिटेरियस ए-स्टारच्या एकदम जवळून 16 वर्षांत एक चक्कर मारतो, तरी शाबूत आहे. अशाच ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून गेंझेल आणि गेझ या खगोलशास्त्रज्ञांनी 2020 चं नोबेल मिळवलं, या ब्लॅक होलचा फोटो मात्र 2022 मध्ये आला.